'एमटीबी डिटेक्टेड' आले म्हणून टीबीच समजू नका: खान्देशातील क्षयरोग अधिकारी आणि डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा क्षयरोग अधिकारी व जिल्हा शल्यचिकित्सक, जळगाव, धुळे, नंदुरबार;
उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांतील वैद्यकीय अधिकारी;
आणि तालुक्यातालुक्यांतले फॅमिली डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

मूत्राशयाचा कर्करोग झालेला आपल्याकडचा रुग्ण ऑपरेशनसाठी नाशिक, मुंबई, सुरत नाहीतर इंदूर गाठतो. दुर्बिणीतून गाठ काढली जाते, मग दर आठवड्याला एकदा मूत्राशयात बीसीजी (दुबळ्या केलेल्या जिवंत क्षयजंतूचे औषध) सोडली जाते आणि तो रावेरला, शिरपूरला, तळोद्याला घरी परततो. ताप येतो तो घरी. हिवताप, टायफॉइड, डेंग्यू तपासून होतात, दोन-तीन अँटिबायोटिके बदलून होतात, शेवटी छातीचा एक्स-रे निघतो आणि नमुना सीबीनॅट या जनुकीय चाचणीला जातो. अहवाल येतो, 'एमटीबी डिटेक्टेड, रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड', म्हणजे क्षयजंतू सापडले आणि रिफॅम्पिसिन या औषधाला त्यांचा विरोध आढळला नाही. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदवहीत नोंद होते, चार औषधांची गोळी सुरू होते. हा ताप त्या बीसीजीच्या जंतूंचाही असू शकतो, पण या सगळ्यात बीसीजी हा शब्द कुणाच्या कानावर पडलेलाच नसतो, कारण तो ज्या डिस्चार्ज कार्डावर लिहिला आहे ते कार्ड घरी कपाटात असते, आणि सुरतचे असेल तर त्यावरच्या सूचना अनेकदा गुजरातीत असतात.

म्हणून पहिली विनंती. साठीच्या आसपासच्या किंवा पुढच्या माणसाला, विशेषतः बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला, टीबीचे निदान लिहिण्याआधी विचारा: "नळी घालून लघवीच्या पिशवीत दर आठवड्याला औषध सोडत होते का?" नुसते "बीसीजी घेतली का?" विचारून उपयोग नाही. बीसीजी म्हटले की लोकांना दंडावरचा व्रण आठवतो आणि "हो, लहानपणी टोचली होती" असे उत्तर येते. काळही ठरवून विचारा. गेल्या महिन्यात, गेल्या वर्षी, आणि त्याच्याही आधी. उशिरा उद्भवणारा आजार शेवटच्या डोसनंतर काही वर्षांनी येऊ शकतो.

आता ही बीसीजी म्हणजे नेमके काय, ते थोडक्यात. काल्मेट आणि गेराँ यांनी फ्रान्समध्ये १९०८ ते १९२१ या काळात गाईच्या क्षयाचा जंतू पुन्हापुन्हा वाढवून दुबळा केला, तोच हा. १९७६ मध्ये कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी तो मूत्राशयात सोडून कर्करोगाची गाठ परत येण्याचे प्रमाण कमी होते हे दाखवले. स्नायूपर्यंत न पोचलेल्या पण जास्त जोखमीच्या कर्करोगासाठी आजही याहून भरवशाचे औषध सहज हाती नाही. सुरुवातीला आठवड्याला एक असे सहा डोस, नंतर ३, ६, १२, १८, २४, ३० आणि ३६ व्या महिन्यात प्रत्येकी तीन. आपल्याकडे ४० मिलिग्रॅमच्या कुप्या मिळतात. ८० किंवा १२० मिलिग्रॅम म्हणजे दोन किंवा तीन कुप्या ५० मिलि सलाईनमध्ये मिसळून सोडतात. नवजात बाळाला टोचतात त्या लसीत जिवंत जंतू लाखांच्या हिशेबात असतात, मूत्राशयात सोडतात ते कोटींच्या. हे औषध जिवंत आहे, हे एक लक्षात ठेवले की पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

मूत्राशयाचे अस्तर शाबूत असेल तर हे जंतू तिथेच राहतात. अस्तर उघडे असेल तर रक्तात शिरतात. म्हणून ऑपरेशननंतर किमान दोन आठवडे थांबायचे. लघवीतून डोळ्यांना दिसेल असे रक्त जात असेल, लघवीचा जंतुसंसर्ग असेल, किंवा नळी घालताना अडून रक्त आले असेल तर त्या दिवशीचा डोस द्यायचाच नाही. गंभीर प्रसंगांच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते: मोठ्या प्रोस्टेटच्या माणसाला नळी जात नाही, दोनदा-तीनदा जोर केला जातो, टोकाला रक्त दिसते, आणि "लांबून आलेत, आजच उरकून टाकू" म्हणून औषध सोडले जाते. साक्रीहून नाशिकला आलेल्या माणसाला परत पाठवणे जिवावर येते हे कळते. तरीही परत पाठवा. आठवडाभर उशीर झाल्याने उपचार बुडत नाही. नळी १० ते १४ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचे माप), मऊ. औषध सिरिंजने दाबून ढकलायचे नाही, नळीतून आपल्या वजनाने उतरू द्यायचे.

गावातल्या डॉक्टरांसाठी सर्वात महत्त्वाचा प्रश्न असा की कोणता ताप साधा आणि कोणता घातक. डोसनंतर लघवीला जळजळ, वारंवार जावे लागणे, अंग मोडून येणे, कसकस हे बहुतेकांना होते. तिसऱ्या डोसपासून जास्त. औषधाने प्रतिकारशक्ती जागी केल्याची ती खूण आहे आणि दोन दिवसांत पॅरासिटामॉलवर ओसरते. १०१.३ फॅरनहाइटच्या वरचा ताप ४८ तासांनंतरही टिकला तर मात्र तो साधा धरू नका. बीसीजी बंद. लघवीचे व रक्ताचे कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहणे), सीबीसी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे त्याच दिवशी. एक्स-रे स्वच्छ दिसला आणि दम लागतोय किंवा ऑक्सिजन घसरतोय, तर एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन. बाजरीच्या दाण्यांसारखी बारीक छटा एक्स-रेत सुरुवातीला सुटून जाते. आणि डोस घेतल्यावर काही तासांतच हुडहुडी, १०३ च्या वर ताप, रक्तदाब खाली, कावीळ असे चित्र असेल तर तो बीसीजी सेप्सिस (जंतू रक्तात पसरून होणारा जीवघेणा आजार) समजून आयसीयू असलेल्या ठिकाणी हलवा. कल्चरची वाट पाहायची वेळ ती नव्हे.

हे दुर्मिळ आहे, घाबरून कुणी बीसीजी नाकारू नये. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,६०२ रुग्णांच्या नोंदींत मोठा ताप २.९ टक्के, प्रोस्टेटचा ग्रॅन्युलोमा (दाहाची बारीक गाठ) ०.९, फुप्फुस वा यकृताला बाधा ०.७, सेप्सिस ०.४ आणि वृषणालगतच्या नलिकेची सूज ०.४ टक्के होती. हजारात चार सेप्सिस म्हणजे एखाद्या डॉक्टरला आयुष्यात एकही न दिसणे सहज शक्य आहे. ओळखता येत नाही ते त्यामुळेच.

इथे एका सवयीबद्दल स्पष्ट लिहायला हवे. लघवीला जळजळ म्हटले की आपल्याकडे नॉरफ्लॉक्स, सिप्रो किंवा लिव्हो हातात दिली जाते. ही क्विनोलोन गटाची औषधे बीसीजीला मारतात. डोसच्या आसपास ती सुरू केली तर रुग्णाचा महागडा आणि कष्टाचा डोस वाया जाण्याचा धोका आहे, आणि खरोखर संसर्ग पसरत असेल तर एकटे क्विनोलोन त्याला अर्धवट दाबून निदान लांबवते. आधी लघवीचे कल्चर पाठवा. जळजळीपुरते पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि लघवीची तिडीक कमी करणारे नेहमीचे औषध पुरते. सेप्सिसमध्ये मात्र हेच लिव्होफ्लॉक्सासिन इतर औषधांच्या जोडीला उपयोगाचे ठरते, तिथे हात आखडू नये.

आता प्रयोगशाळा. सीबीनॅट आणि ट्रूनॅट क्षयजंतूंचे सगळे कुटुंब एकत्र ओळखतात. माणसाचा क्षय, गाईचा क्षय आणि बीसीजी यांच्यात ते फरक करत नाहीत. रिफॅम्पिसिनचा रेझिस्टन्स पाहणारी नेहमीची एलपीए ही जनुकीय चाचणीही करत नाही. त्यामुळे 'एमटीबी डिटेक्टेड' हा अहवाल खोटा नसतो, अपुरा असतो. क्षयजंतूची लागण ओळखणारी इग्रा ही रक्तचाचणी बीसीजीने पॉझिटिव्ह येत नाही हे खरे, पण आपल्या भागात सुप्त क्षय इतका आहे की ती पॉझिटिव्ह आली तरी त्यावरून काहीच ठरत नाही. एमपीटी६४ हे प्रथिन शोधणाऱ्या झटपट कार्डावरही विसंबू नका. बीसीजीच्या काही जाती हे प्रथिन बनवतात, काही बनवत नाहीत. फरक करायचा तर कल्चर वाढवून संदर्भ प्रयोगशाळेकडे प्रजात ओळखण्याची आणि पायराझिनामाइडच्या संवेदनशीलतेची मागणी लेखी करावी लागते. मागणीपत्रावर 'मूत्राशयात बीसीजी, शेवटचा डोस अमुक तारखेस' ही ओळ लिहिली नाही तर प्रयोगशाळा ती तपासणी आपणहून करणार नाही. नमुना फॉर्मलिनमध्ये बुडवलेला असेल तर कल्चर संपले. यकृत, अस्थिमज्जा, मणका, जिथून तुकडा घ्याल तिथून त्याचे दोन भाग करा आणि एक साध्या सलाईनमध्ये ठेवा.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. बीसीजी घेणाऱ्या माणसाच्या लघवीत हे जंतू डोसनंतर कित्येक दिवस सापडू शकतात, तो ठणठणीत असला तरी. अशा लघवीचा सीबीनॅट पॉझिटिव्ह आला म्हणून 'मूत्रपिंडाचा टीबी' लिहू नका. नंतरच्या दुर्बिणीत मूत्राशयाच्या तुकड्यात ग्रॅन्युलोमा दिसला, पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) वाढला, प्रोस्टेट बोटाला टणक लागली, पण माणसाला त्रास काही नाही, तर तेवढ्यावरून क्षयाची औषधे लागत नाहीत. आधी त्याच्या यूरॉलॉजिस्टला फोन करा.

औषधांचा मुद्दा हा या पत्राचा गाभा आहे. बीसीजीचा जंतू पायराझिनामाइडला जन्मजात दाद देत नाही. आपल्या क्षयरोग कार्यक्रमातल्या फोर-एफडीसी गोळीत (चार औषधे एकत्र असलेल्या) आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम असते. ५० ते ६४ किलोच्या माणसाला रोज चार गोळ्या, म्हणजे १६०० मिलिग्रॅम पायराझिनामाइड, ज्याचा जंतूवर शून्य परिणाम आणि यकृतावर पूर्ण ताण. बीसीजीने आधीच यकृताला सूज आलेली असेल तर हे आगीत तेल. पुढे यकृताची एन्झाइम वाढली की सगळीच औषधे थांबवावी लागतात आणि लागू पडणारी तीनही त्यात जातात.

उपाय आपल्याच कपाटात आहे. पुढच्या टप्प्यासाठी ठेवलेली थ्री-एफडीसी गोळी, आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, इथॅम्ब्युटॉल २७५, हीच बीसीजीच्या पसरलेल्या संसर्गावरची औषधजोडी आहे. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार, ६५ ते ७५ ला पाच, रोज, किमान सहा महिने. मणका वा रक्तवाहिनी गुंतली असेल तर नऊ ते बारा. म्हणून जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना आमची ठोस विनंती: तज्ज्ञाने लेखी दिल्यावर अशा रुग्णाला पहिल्या दिवसापासून थ्री-एफडीसी देण्याची मुभा उपचार केंद्रांना द्यावी, 'आधी दोन महिने फोर-एफडीसीच' असा आग्रह धरला जाऊ नये. नेहमीचा क्षयरोगही शक्य वाटत असेल, फुप्फुसात पोकळी आहे, थुंकीत जंतू दिसताहेत, बीसीजी घेऊन वर्षे लोटलीत, तर कल्चर येईपर्यंत चारही औषधे देणे चूक नाही. तो निर्णय डोळसपणे घेतलेला असावा, एवढेच म्हणणे आहे.

सेप्सिसमध्ये आणि फुप्फुस-यकृताच्या जोरदार दाहात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लवकर द्यावे लागते, साधारण रोज ४० मिलिग्रॅम, कारण अर्धा आजार जंतूचा आणि अर्धा शरीराच्या प्रतिक्रियेचा असतो. स्टेरॉइड एकटे कधीही नको, क्षयाच्या औषधांच्या आधाराने. आणि ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंवरचे नेहमीचे अँटिबायोटिक सोबत सुरू ठेवा. नळी घातलेल्या माणसाला ई. कोलायचा सेप्सिसही होऊ शकतो, पहिल्या दिवशी दोन्हींत फरक करता येत नाही.

हे रुग्ण बहुतेक वयस्क. रिफॅम्पिसिन सुरू होताच वॉरफॅरिन, ग्लिमेपिराइड, ॲम्लोडिपिन आणि खुद्द प्रेडनिसोलोन यांचा असर उतरतो. साखर आणि रक्तदाब पहिल्या पंधरवड्यात पुन्हा तपासा. ऑपरेशन झालेल्यांपैकी अनेकांचे क्रिएटिनिन वाढलेले असते, तिथे इथॅम्ब्युटॉल साठून डोळ्यांवर जाते: दर महिन्याला रंग ओळखता येतात का ते विचारा. सोबत पायरिडॉक्सिन (बी६ जीवनसत्त्व). आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा: रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते. ज्याचा आजारच लघवीतून रक्त जाऊन सुरू झाला, तो माणूस ती केशरी धार पाहून कर्करोग उलटला असे समजतो आणि गोळ्या बंद करतो.

उशिरा येणाऱ्या आजारांपैकी दोनच सांगतो. एक, महिनोन्महिने टिकलेली कंबरदुखी, रात्री जास्त, वजन उतरलेले. मणक्याचा क्षय वाटतो, एमआरआयही तसेच सांगतो. बीसीजी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरा जास्त घातक. बीसीजीचे जंतू पोटातल्या महाधमनीच्या भिंतीत बसून तिला फुगा आणतात. लक्षणे तीच, कंबर किंवा पोट दुखणे, बारीक ताप, आणि सोनोग्राफीत सोआस स्नायूत (कण्यालगतचा कमरेतला स्नायू) गळू. आमची सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट मित्रांना हात जोडून विनंती आहे: बीसीजी घेतलेल्या माणसाच्या सोआसच्या गळवात सीटी अँजिओग्राफी केल्याशिवाय सुई घालू नका. गळू धमनीच्या फुग्याला चिकटलेले असेल तर त्या टेबलावर काही करता येत नाही. तेथे औषधांबरोबर रक्तवाहिन्यांचे ऑपरेशन लागते आणि रुग्ण मोठ्या शहरात पाठवावाच लागतो. जगभरच्या २८२ रुग्णांच्या २०१४ मधील आढाव्यात सुमारे एक तृतीयांशांना पसरलेला संसर्ग होता. पासष्टीच्या पुढचे आणि रक्तवाहिन्या गुंतलेले रुग्ण जास्त दगावले होते.

घरच्या काळजीबद्दल आशा आणि सीएचओंना (उपकेंद्रांतले समुदाय आरोग्य अधिकारी) सांगता येईल इतपत. औषध मूत्राशयात दोन तास राहते. पहिली लघवी रुग्णालयातच करून मग बसस्टँडकडे निघावे. त्यानंतरच्या सहा तासांत प्रत्येक वेळी बसून लघवी करावी, भांड्यात तेवढेच हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडरचे पाणी ओतून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, मग पाणी सोडावे. आठवडाभर कंडोम वापरावा. डोसच्या आधी चार तास पाणी कमी प्यायला सांगतात. डोस झाल्यावर ते भरून काढणे आलेच, आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात तर जास्तच. त्याच उन्हाचा दुसरा फटका कुपीला बसतो. कुपी २ ते ८ अंशांत आणि उजेडापासून दूर राहायला हवी. नातेवाइकाने पिशवीत टाकून बसने आणलेली कुपी देऊ नका. औषध दुकान ते रुग्णालय बर्फाच्या डब्यातून, आणि मिसळल्यावर दोन तासांच्या आत वापर. बीसीजी मिसळण्याची जागा, ट्रे आणि सिरिंज वेगळी. त्याच टेबलावर शिरेतून द्यायची केमो बनवल्याने दुसऱ्याच रुग्णांना, मुलांनासुद्धा, बीसीजीची लागण झाल्याच्या नोंदी परदेशात आहेत.

एका माणसाकडून दुसऱ्याला हा संसर्ग सहसा लागत नाही. त्यामुळे बीसीजीचा आजार पक्का झाला असेल तर घरातल्या सगळ्यांना रांगेत उभे करून टीपीटी (क्षयप्रतिबंधक औषधे) सुरू करायची गरज नाही, आणि वाड्यावर-पाड्यावर "म्हाताऱ्याला टीबी झाला" अशी बोंबही होऊ देऊ नका. निक्षयच्या नोंदीत शेऱ्यात तरी 'बीसीजीजन्य, मूत्राशयातील उपचारानंतर' असे लिहिले जावे, नाहीतर तिन्ही जिल्ह्यांत असे किती रुग्ण झाले हे कधीच कळणार नाही. कर्करोगाचे औषध म्हणून झालेला अपाय फार्माकोव्हिजिलन्सकडे (औषधांचे दुष्परिणाम नोंदवणारी यंत्रणा) वेगळा कळवायचा असतो: जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील केंद्रात फॉर्म भरून किंवा १८००-१८०-३०२४ या नि:शुल्क क्रमांकावर. त्यासाठी कुपीचा बॅच क्रमांक लागतो, आणि नेमका तोच कुणी जपून ठेवत नाही.

म्हणून शेवटची मागणी बीसीजी देणाऱ्या यूरॉलॉजिस्टांकडे, ते खान्देशात असोत की बाहेर. प्रत्येक रुग्णाला खिशात मावेल असे जाड कार्ड द्या, मराठीत. त्यावर निदान, प्रत्येक डोसची तारीख आणि मात्रा, कुपीवरचे लेबल चिकटवायला जागा, शरीरात स्टेंट, कृत्रिम सांधा, झडप किंवा पेसमेकर असल्यास त्याची नोंद, आणि आपला रात्री उचलला जाणारा फोन नंबर. पाठीमागे ठळक अक्षरांत तीन ओळी: 'या रुग्णाला मूत्राशयात जिवंत बीसीजी दिली आहे. ताप ४८ तासांहून अधिक राहिल्यास वरील क्रमांकावर विचारा. या जंतूवर पायराझिनामाइड चालत नाही.' डोस संपले तरी कार्ड परत घेऊ नका. आधार कार्डाच्या पाकिटातच ठेवायला सांगा, म्हणजे दवाखान्यात येताना ते बरोबर येईल.

आपले,
खान्देशात मूत्ररोग, छातीरोग आणि सूक्ष्मजीवशास्त्र या विषयांत काम करणारे काही डॉक्टर